गांजाचे पीक आणि परवान्याची शेती



२०२१ च्या ऑगस्ट महिन्यात सोलापूर जिल्ह्याच्या मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. कोणतेही पीक घेतले तरी घातलेला खर्च निघत नाही, गांजाला मात्र बाजारात चांगला भाव आहे, तेव्हा माझ्या दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी द्या, अशी त्याची मागणी. ठरावीक तारखेपर्यंत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे समजून लागवड करीन, असेही त्याने लिहिले. वर्तमानपत्रांनी बातमी गमतीने छापली. पोलिसांनी हा प्रसिद्धीचा खटाटोप ठरवला. शहरातल्या वाचकाने चहाबरोबर ती वाचली आणि पान उलटले.

अर्जातली गंमत बाजूला काढली की उरतो तो जमाखर्च. तो जमाखर्च कोणी खोडून काढला नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला कापूस, ज्वारी, तूर यांपैकी कशातही बरकत दिसत नाही म्हणून तो जेलच्या पिकाकडे बोट दाखवतो, ही गोष्ट हसण्यावारी नेण्याची नाही. आपल्या तालुका बैठकांतही हा प्रश्न कोणी तरी काढतोच. कापसाच्या भावावर बोलून झाले, तुरीच्या आयातीवर बोलून झाले, की मागच्या रांगेतून आवाज येतो, "मग गांजाच लावू द्या म्हणावं!" सभा हसते आणि विषय तिथेच राहतो.

या जिल्हा बैठकीच्या निमित्ताने तो विषय पुरता बोलून टाकावा असे आम्हाला वाटते. "गांजा लावा, मालामाल व्हा" म्हणणारा आणि "त्याचे नावही काढू नका" म्हणणारा, दोघेही या पिकाचा इतिहास सांगत नाहीत. हा इतिहास परवान्याचा, मक्त्याचा आणि सरकारी गोदामाचा आहे. कापसाचा एकाधिकार भोगलेल्या माणसाला तो लगेच ओळखू येईल.

झाडाची ओळख

भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची तीन रूपे. पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा आणि त्याच फुलोऱ्यावरच्या चिकट राळेचा चरस. युरोपात हे झाड वाखासाठी पेरत. तिथल्या झाडाला लिनियसने १७५३ मध्ये कॅनाबिस सटायव्हा असे नाव दिले. पुढे १७८५ मध्ये लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने भारतातून आलेल्या नमुन्यांवरून कॅनाबिस इंडिका ही वेगळी जात सांगितली. फांद्या जास्त, खोड टणक, साल पातळ, वाखाला निकामी, पण वास उग्र आणि अंगी नशा, असे तिचे वर्णन त्याने केले. या दोन जाती मानायच्या की एकाच जातीचे दोन वाण, यावर वनस्पतिशास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने फरक सोपा आहे. दाट पेरले, फांद्या फुटू दिल्या नाहीत, तर झाड सरळ उंच जाते आणि वाख देते. विरळ ठेवले, फांद्या फुटू दिल्या, तर फुलोरा देते. पिढ्यान्‌पिढ्या ज्याने ज्यासाठी बी राखले, तसे वाण झाले.

हे झाड दिवस लहान होऊ लागले की फुलावर येते. आपल्या जुन्या उंच ज्वारीचाही स्वभाव असाच. नर झाड वेगळे, मादी झाड वेगळे. नर सडपातळ, तो आधी फुलतो, पराग उधळतो आणि आधीच वाळतो. मादी गच्च, पानाळ आणि उशिरापर्यंत हिरवी. पराग वाऱ्यावर जातात आणि फार दूरवर जातात. मादीला पराग मिळाला की ती बी धरते आणि राळ कमी करते. पराग मिळाला नाही तर फुलोरा वाढत जातो आणि राळ साठत जाते. या राळेत नशा आणणारे जे द्रव्य असते त्याला टीएचसी म्हणतात. त्याची नेमकी ओळख इस्रायलमधील मेकूलम आणि गाओनी या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये पटवली. बियांत नशा नसते. त्यांत सुमारे तीस टक्के तेल असते आणि कुमाऊँ-गढवालच्या डोंगरात त्यांची चटणी रोजच्या जेवणात असते. तिथेच या झाडाच्या वाखाचे दोर वळत आणि जाडेभरडे कापडही विणत.

म्हणजे एकाच झाडात वाख, तेल, औषध आणि नशा. शेतकऱ्याने काय काढावे हे मात्र शेतकऱ्याने कधी ठरवले नाही.

नगर, निमाड आणि नवगाव

इंग्रजांच्या राज्यात गांजाची शेती चोरून होत नव्हती. ती सरकारी परवान्याने होत होती आणि तिच्यावर सरकारचा महसूल उभा होता. मोठे पट्टे तीन. बंगालात राजशाही जिल्ह्यातले नवगाव आणि त्याच्या आसपासचा मुलूख. त्याला 'गांजा महाल' असेच म्हणत. मध्य प्रांतात वऱ्हाड-खानदेशाच्या सीमेपलीकडचे निमाड आणि त्याचे ठिकाण खंडवा. आणि मुंबई इलाख्यात आपला नगर जिल्हा, तेव्हाचा अहमदनगर, आजचा अहिल्यानगर. थोडी लागवड साताऱ्याकडेही होती. ज्या नगरला आपण ज्वारीचा आणि दुष्काळाचा जिल्हा म्हणून ओळखतो, त्याच जिल्ह्यातून मुंबई इलाख्याच्या दुकानांत गांजा जात होता.

शेती कष्टाची होती. नवगावकडे उंच, निचऱ्याची जमीन निवडत, शेणखत आणि पेंड भरपूर घालत, आधी रोपे करून मग सऱ्यांवर लावत. पश्चिमेकडे तासांत पेरण्याची पद्धत होती. पावसाळ्यात लागवड, दिवाळीच्या सुमारास निवड आणि थंडी सरता सरता काढणी, असा साधारण हंगाम. यात सगळे अवघड काम निवडीचे. फूल उमलण्याआधी, नुसत्या कळीवरून नर ओळखायचा आणि मुळासकट उपटायचा. एक-दोन नर नजरेतून सुटले तरी शेतभर बी धरते आणि माल उतरतो. संकरित कापसाच्या बीजोत्पादन प्लॉटात ज्या बायकांनी कळ्या खुडल्या आहेत, भेसळीची झाडे काढली आहेत, त्यांना ही नजर काय असते हे सांगावे लागणार नाही. बंगालात या कामाचे जाणकार वेगळे असत. त्यांना पोद्दार किंवा परखदार म्हणत. ते शेतोशेत फिरून मजुरीवर नर निवडून देत. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांना थट्टेने 'गांजा डॉक्टर' म्हटले. त्यानंतर पीक काढून, सुकवून, पायाखाली तुडवून चपटा गांजा करत किंवा हाताने वळून गोल गांजा करत.

हे सारे ज्ञान कोणत्या कृषी विद्यापीठाचे नव्हते. शेतकऱ्याचे होते. हेमचंद्र केर या अधिकाऱ्याने १८७७ मध्ये बंगालच्या गांजा लागवडीवर सरकारला सविस्तर अहवाल दिला, तो शेतकऱ्यांना विचारून आणि शेते पाहूनच. त्याच्याही आधी, १८३९ मध्ये, कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. ओशॉनेसी यांनी या झाडाच्या अर्काचे औषधी प्रयोग प्रसिद्ध केले आणि युरोपच्या औषधालयांत त्याला जागा मिळाली.

पैसा कोणाकडे गेला

आता कारभार पाहा. पेरायचे तर परवाना. परवान्यात जमीन लिहिलेली. पीक उभे असताना सरकारी माणूस पाहून जाणार. माल विकायचा तो फक्त परवानाधारक घाऊक व्यापाऱ्याला. माल हलवायचा तर पास. बंगालात माल सरकारी देखरेखीखालच्या गोदामात जायचा आणि तिथून निघताना त्यावर कर बसायचा. खाली किरकोळ विक्रीच्या दुकानांचे लिलाव व्हायचे आणि जो जास्त बोली बोलेल त्याला मक्ता मिळायचा. आपल्या इलाख्यात १८७८ चा मुंबई अबकारी कायदा याच कामाचा.

या साखळीत सरकारचा कर ठरलेला, मक्तेदाराचा नफा ठरलेला. शेतकऱ्याला मात्र गिऱ्हाईक निवडायची मुभा नाही. माल घरात ठेवता येत नाही, दुसऱ्या जिल्ह्यात नेता येत नाही, भाव पडला तर थांबता येत नाही. ज्याचे गिऱ्हाईक सरकारने निवडून दिले त्याचा भावही सरकारनेच ठरवला, हे वेगळे सांगायला नको. १९७२ पासून जवळपास तीन दशके महाराष्ट्रातल्या कापूस उत्पादकाने हेच पाहिले. संकलन केंद्राबाहेर बैलगाड्यांच्या रांगा, चुकाऱ्याची वाट, आणि आपलाच कापूस मध्य प्रदेशात नेला तर आपणच चोर. गांजाच्या शेतकऱ्याने ही वाट शंभर वर्षे आधी तुडवली होती.

याला एक चांगला अपवाद नोंदवला पाहिजे. नवगावच्या लागवडदारांनी १९१७ मध्ये आपली सहकारी संस्था काढली आणि दलालाला बाजूला करून माल एकत्र विकायला सुरुवात केली. त्या संस्थेच्या पैशातून त्या भागात शाळा आणि दवाखाने उभे राहिले. पीक तेच, कर तोच, कायदा तोच. फक्त विकणारे हात एकत्र आले, एवढ्यानेच गावात चार पैसे राहिले. पुढे तो मुलूख पाकिस्तानात आणि नंतर बांगलादेशात गेला आणि १९८० च्या दशकात तिथली लागवड सरकारी आदेशाने बंद झाली.

इंग्रजांच्या पार्लमेंटात १८९३ मध्ये या पिकावरून ओरड झाली. गांज्याने हिंदुस्थानातली माणसे वेडी होतात, वेड्यांची इस्पितळे भरतात, तेव्हा बंदी घाला, असे म्हणणे पडले. सरकारने मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाने ७० प्रश्नांची यादी केली, देशभर ११९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल दिला. वेड्यांच्या इस्पितळांतली कागदपत्रे तपासली तेव्हा निघाले की, वेडाचे कारण ठाऊक नसेल तिथे कारकुनाने 'गांजा' लिहून टाकला होता. माफक सेवनाने सहसा अपाय दिसत नाही, अतिसेवन मात्र घातक आहे, सरसकट बंदीची गरज नाही, कर आणि परवाना यांच्या बळावर आळा घालावा, असा आयोगाचा निष्कर्ष होता. तो पुष्कळ अंशी प्रामाणिक होता. पण त्या सात खंडांतून शेतकऱ्याला रास्त भाव मिळाला का, हा प्रश्न कोणाचाच नव्हता. चर्चा दोनच बाजूंची, एक सरकारी महसूल आणि दुसरी पिणाऱ्याची प्रकृती. पिकवणारा दोन्हीकडे नाही.

परवान्याकडून तुरुंगाकडे

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ च्या दारूबंदी कायद्यात दारूबरोबर मादक पदार्थही घेतले. १९६१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या करारात गांजा अफूच्या पंक्तीला बसवला गेला. भारतासारख्या देशांच्या आग्रहामुळे त्या कराराच्या व्याख्येतून बी आणि फुलोऱ्याशिवायची पाने वगळली गेली. परंपरेने चालत आलेला वापर थांबवायला पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. ती मुदत संपत आली तेव्हा, १९८५ मध्ये, राजीव गांधींच्या सरकारने अमली पदार्थांचा कायदा केला. तोच एनडीपीएस कायदा. १४ नोव्हेंबर १९८५ पासून तो लागू आहे. ज्या झाडाच्या पिकावर सरकारने शंभर वर्षे महसूल खाल्ला, ते झाड दारात दिसले तर दहा वर्षे आत. तुळशीत भांग उगवली तर तुळस लावणाऱ्याने जाब द्यायचा.

या कायद्यातली काही कलमे प्रत्येक कोरडवाहू शेतकऱ्याने पाठ करून ठेवावीत, कारण दरवर्षी कुठे ना कुठे पऱ्हाटीच्या नाही तर तुरीच्या तासांत गांजाची झाडे सापडल्याची बातमी येते आणि हातात बेड्या शेतकऱ्याच्याच पडतात.

कलम २० प्रमाणे गांजाची लागवड केल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. जवळ बाळगलेल्या मालाला वजनाचे टप्पे आहेत, एक किलोपर्यंत थोडा आणि वीस किलोच्या वर व्यापारी. लागवडीच्या गुन्ह्याला मात्र झाडे किती, वजन किती, ही अट नाही. कलम ५४ प्रमाणे तुम्ही कसलेल्या जमिनीत हे झाड उभे सापडले आणि तुम्हाला समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर गुन्हा तुम्हीच केला असे न्यायालय धरून चालू शकते. कलम ३५ प्रमाणे तुमच्या मनात हेतू होता असेही गृहीत धरले जाते. नव्हता हे तुम्ही सिद्ध करायचे. कलम ४६ प्रमाणे आपल्या जमिनीत बेकायदा लागवड झाल्याची खबर जमीनधारकाने ताबडतोब द्यायची. माहीत असून गप्प बसला तर तोही दोषी. आणि जाणूनबुजून आपली जागा अशा कामाला वापरू देणाऱ्यालाही कलम २५ सोडत नाही. बटईने किंवा मक्त्याने जमीन देणाऱ्यांनी हे नीट ध्यानात घ्यावे. शेतात अनोळखी झाड दिसले तर पोलीस पाटलाला लेखी कळवून पोच घ्यावी. नुसते उपटून बांधावर टाकू नये.

आपली चळवळ कायदेभंगाला घाबरत नाही. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकऱ्यांनी एचटीबीटी कापसाचे बियाणे दिवसाढवळ्या, जाहीर सांगून पेरले. तो सत्याग्रह होता. नाव सांगून, कॅमेऱ्यासमोर, परिणाम भोगण्याच्या तयारीने. तुरीच्या आड चोरून लावलेली चार झाडे हा सत्याग्रह नव्हे. त्यात शेतकरी एकटा असतो. त्याला बी आणून देणारा, माल उचलण्याचे कबूल करणारा दलाल पंचनाम्याच्या दिवशी गावात नसतो. सातबारा दलालाच्या नावावर नसतो. घराचे दार वाजते ते शेतकऱ्याचे. आणि गांजाच्या चिलमीने गावातली किती तरणी पोरे कामातून गेली, हे आपल्या मायबहिणी आपल्यापेक्षा चांगले सांगतील. म्हणून स्पष्ट सांगतो. चोरून गांजा लावणे हा भावाच्या प्रश्नावरचा उपाय नाही. असल्या फंदात पडू नका आणि शेजाऱ्याला पडू देऊ नका.

नवे नाव, जुना मक्ता

आता दुसरी बाजू. हेच झाड 'हेम्प' या नव्या नावाने पुन्हा दारात येऊ पाहत आहे. एनडीपीएस कायद्याच्या कलम १४ मध्ये वाख आणि बी यांसाठी लागवडीला सरकार खास परवानगी देऊ शकते अशी तरतूद पहिल्यापासून आहे. उत्तराखंडने २०१८ मध्ये तिचा उपयोग करून अशा लागवडीचा परवाना दिला. टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत, ही अट. नोव्हेंबर २०२१ मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने या झाडाचे बी, तेल आणि पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला आणि भारताने बाजूने मत दिले. हिमाचलच्या मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये कृषी विद्यापीठांमार्फत प्रायोगिक लागवडीला मान्यता दिली. वारे कोणीकडे वाहते हे दिसतेच आहे. उद्या महाराष्ट्रातही कंपन्यांचे लोक फाइल घेऊन येतील. पाणी कमी लागते, खत कमी लागते, वाखाचे कापड, बियांचे तेल, एकरी लाखाचे उत्पन्न. पांढरी मुसळी, जट्रोफा आणि इमू यांच्या वेळी आपण हीच फाइल पाहिली आहे.

त्या ०.३ टक्क्यांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९७६ मध्ये स्मॉल आणि क्रॉन्क्विस्ट या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी झाडांची वर्गवारी करताना सोयीसाठी एक रेघ मारली. रेघेच्या अलीकडे वाखाचे झाड, पलीकडे नशेचे. वर्गीकरणाची ती रेघ पुढे देशोदेशीच्या कायद्यांत जाऊन बसली. आपल्याकडच्या जुन्या गांजाच्या वाणांत टीएचसी त्या रेघेच्या कितीतरी वर असते. म्हणजे उद्या लागवड खुली झाली तरी इथल्या हवेत, इथल्या उन्हात टिकलेले देशी बी बेकायदा आणि परदेशी कंपनीचे प्रमाणित बी कायदेशीर. बी दरवर्षी विकत घ्यायचे. आणि हंगामाअखेर तपासणीत आकडा रेघेवर गेला तर पीक नष्ट करायचे. पिकाचा धोका शेतकऱ्याचा आणि बियाण्याचा नफा कंपनीचा.

बाजाराचेही ऐका. अमेरिकेने डिसेंबर २०१८ मध्ये हेम्प खुले केले. शेतकरी धावत सुटले. सरकारी आकडे सांगतात की, २०२१ मध्ये तिथल्या हेम्प पिकाचे मोल ८२.४ कोटी डॉलर होते. २०२२ मध्ये ते २३.८ कोटी डॉलरवर आले. एका वर्षात सत्तर टक्क्यांहून अधिक घसरण. तिथल्या शेतकऱ्याला अनुदान आहे, विमा आहे, गोदाम आहे. आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याला अशी घसरण एकदाच परवडते. दुसऱ्या वेळी सावकाराचा माणूस दारात असतो.

परवान्याची शेती आज कशी चालते हे पाहायचे असेल तर मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचला जा. तिथे अफूची शेती कायदेशीर आहे. पट्टा केंद्र सरकार देते, माल केंद्र सरकार घेते, भाव केंद्र सरकार ठरवते. ठरावीक प्रमाणात मॉर्फिन उतरले नाही तर पट्टा धोक्यात. गारपीट झाली तरी हिशेब शेतकऱ्याने द्यायचा. सरकार हे एकच गिऱ्हाईक असते तेव्हा शेतकरी आपल्याच रानात ठेकेदाराचा मजूर होतो.

अंबाडीकडे पाहा

वाख, बी आणि तेल यांचे एवढे कौतुक करणाऱ्यांना आमचा साधा प्रश्न आहे. आपल्या ज्वारीच्या रानात वाखाचे पीक नव्हते काय? होते. ज्वारीच्या, कपाशीच्या काही तासांनंतर एक तास अंबाडीचे पेरण्याची चाल आपल्या आजोबांपर्यंत होती. कोवळ्या पाल्याची भाजी, बोंडांची चटणी, बियांचे तेल, आणि खोड पाण्यात कुजवून काढलेल्या वाखाचे दोर, चऱ्हाटे, बैलांच्या वेसणी. इंग्रजीत अंबाडीला 'डेक्कन हेम्प', म्हणजे दख्खनचा हेम्पच म्हणत. तिची पाने भांगेच्या पानांसारखी दिसतात म्हणून शास्त्रज्ञांनी तिचे नाव हिबिस्कस कॅनाबिनस ठेवले. सावत्र नात्याने का होईना, ती त्याच नावाची. हिरवळीच्या खताचा ताग तर 'सन हेम्प' म्हणूनच ओळखला जातो. या दोन्ही पिकांना परवाना लागत नाही, टीएचसी नाही, कलम २० नाही.

मग ती रानातून गेली कुठे? नायलॉनचा दोर आला. वाखाला भाव राहिला नाही. कुजवायला पाणी आणि सोलायला मजूर परवडेना. गावाजवळ वाख काढायचे यंत्र कोणी बसवले नाही. वाण सुधारायला कोणी पैसा घातला नाही. झाड कमी पडले नाही. भाव आणि प्रक्रिया कमी पडली. जिथे अंबाडीचा वाख विकला जात नाही, तिथे हेम्पचा वाख काय सोन्याने तोलला जाणार आहे? आणि अंबाडीला जे मिळाले नाही ते हेम्पला मिळणार असेल, तर ते कोणाच्या खिशात जाणार, हे आधी विचारा.

आपली भूमिका

चळवळीचे तत्त्व जुनेच आहे. काय पेरायचे हे शेतकऱ्याने ठरवावे, माल कुठे न्यायचा हे शेतकऱ्याने ठरवावे, आणि घामाचे दाम बाजारात मिळावे. नशेच्या व्यापाराला हे तत्त्व लागू करा असे आम्ही म्हणत नाही. गांजाची पुडी गावात खुली करा ही आपली मागणी नाही. पण वाख, बी आणि औषध यांसाठी हे झाड उद्या खुले होणारच असेल, तर ते कोणत्या अटींवर, हे मुंबई-दिल्लीच्या बंद खोलीत ठरू नये. जिल्हा बैठकीने पुढील ठरावांवर विचार करावा.

पहिला. बेकायदा गांजा लागवडीपासून आपल्या सभासदांनी दूर राहावे. एनडीपीएस कायद्यातली शेतकऱ्याला लागू होणारी कलमे गावोगाव वाचून दाखवावीत. दुसऱ्याच्या रानात रात्रीत झाडे लावून खबर देण्याचे डाव होऊ शकतात. अशा वेळी निरपराध शेतकऱ्यामागे तालुका शाखेने वकिलासह उभे राहावे.

दुसरा. राज्यात हेम्पच्या लागवडीला परवानगी देण्याचा विचार झाल्यास ती परवानगी आधी कंपनीला आणि तिच्यामार्फत करारावर शेतकऱ्याला, अशी असू नये. शेतकऱ्यांच्या गटाला सरळ परवाना मिळावा आणि माल कोणत्याही कायदेशीर गिऱ्हाइकाला विकण्याची मुभा असावी.

तिसरा. नगर, निमाडच्या पट्ट्यातले जुने वाण आज कुठे उरले असतील तर ते कृषी विद्यापीठांनी कायदेशीर परवानगीने जतन करावेत आणि त्यांतून कमी टीएचसीचे देशी बी तयार करावे. ते बी शेतकऱ्याला राखून ठेवता आले पाहिजे. उभ्या पिकाचा आकडा रेघेवर गेला तर भरपाई बियाणे देणाऱ्याने द्यावी. शेतकऱ्यावर गुन्हा नोंदवू नये.

चौथा. हेम्पच्या आधी अंबाडी आणि ताग. या दोन पिकांच्या वाखाची, बियाण्याची आणि प्रक्रियेची सोय कापूस-ज्वारीच्या तालुक्यांत व्हावी. परवान्याशिवायचे वाखाचे पीक पायाशी असताना परवान्याच्या पिकामागे धावणे हा उफराटा न्याय आहे.

पाचवा आणि मुख्य. कापूस आणि ज्वारी यांना उत्पादन खर्च भरून निघेल असा भाव मिळू द्या. निर्यातबंदी, साठाबंदी आणि भाव वाढायला लागले की घाईची आयात, ही तिन्ही हत्यारे सरकारने खाली ठेवावीत. मोहोळच्या त्या अर्जाचे खरे उत्तर तेच आहे. घातलेला खर्च परत आला असता तर त्याने गांजाचे नाव काढले नसते.

गांजाचा इतिहास आपल्याला एवढेच शिकवतो की, पिकात नफा असला म्हणून तो पिकवणाऱ्याकडे येतो असे नाही. परवाना ज्याच्या हातात, नफा त्याच्या घरात. नवगावच्या शेतकऱ्यांनी १९१७ मध्ये एकत्र येऊन त्यातला थोडा वाटा परत खेचला. आपल्याला कापसात आणि ज्वारीत पूर्ण वाटा हवा आहे. बैठकीला गावातून निदान दहा माणसे आणा, निम्म्या बायका असू द्या, आणि ठरावांवर हात वर करण्याआधी भरपूर भांडा.